डावा बूट

उजव्या पायात बूट, डाव्या पायात नुसता मोजा, अशा अवस्थेत तो पलंगाखाली आडवा झाला होता. हाताला एक तुटकं बटण लागलं, कापडाची चिंधी लागली. बूट काही लागला नाही. खोलीच्या मधोमध मुकादम बसला होता आणि शोधकामावर देखरेख करत होता.

खुर्चीत दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. मांडीवर नवाकोरा पट्टा.

"हे नेहमीचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"छे हो. आज पहिल्यांदाच."

पलंगाखालून खोटं बोलणं सोपं जातं, असं त्याच्या लक्षात आलं.

मुकादम हा त्याच्या ताईचा कुत्रा. ताई पडदे शिवायची. गेल्या महिन्यात ती गेली, बसल्या जागी, मशीनवर, अर्धा पडदा शिवून झाल्यावर. ज्यांचा होता त्यांनी तो तसाच नेला. त्यांच्या खिडकीला आता अर्ध्यापर्यंतच पडदा आहे, असं शेजारी सांगत होते. ताईची खोली आज संध्याकाळी घरमालकाच्या ताब्यात द्यायची होती आणि त्याआधी कुत्रा मार्गी लावायचा होता. मी राहतो त्या इमारतीत कुत्रे चालत नाहीत, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. चालतात की नाही, हे त्याने कुणाला विचारलं मात्र नव्हतं.

कुत्रा न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई माणूस म्हणून चांगल्या होत्या. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते, तेव्हा मला चावण्याची भीती सांगू नका, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. फक्त काही खोडी असतील तर आधी कळलेल्या बऱ्या, म्हणाल्या. खोडी काहीच नाहीत, असं त्याने सांगितलं.

खरं तर मुकादमाच्या नावडी हे एक प्रकरणच होतं. छत्री उघडलेली त्याला खपत नसे; मिटलेली चाले. कुणी एकदा शिंकलं तर तो माफ करी, लागोपाठ दुसरी शिंक आली की घर डोक्यावर घेई. कपडे उलटे वाळत घातलेले दिसले की त्यांच्याकडे पाठ करून बसे. मघाशी डॉक्टरीणबाई शिंकल्या, तेव्हा तो आणि कुत्रा दोघंही श्वास रोखून त्यांच्या नाकाकडे बघत राहिले होते. दुसरी शिंक आली नाही. व्यवहार ठरला.

मग त्याने बॅगेची चेन ओढली आणि घात झाला.

ही नावड सगळ्यांत जुनी. त्याच्या बॅगेची चेन वाजली, की मुकादम दाराशी जाई, त्याचा डावा बूट तोंडात धरी आणि गायब होई. गिऱ्हाइकं येत, नळवाला येई. त्यांच्या चपलांना त्याने कधी हुंगलंही नाही. फक्त याचा बूट, तोही डावा.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वर्षाकाठी एखाद-दोनदा ताईकडे यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि फोन वाजला की उठायचा. "लोक अडकलेत गं ताई." त्यात खोटं काही नव्हतं, कुठे ना कुठे कुणीतरी अडकलेलं असतंच. मग चेन वाजायची, बूट जायचा. तो चिडायचा.

"ताई, या कुत्र्याला काही वळण लाव."

"लावतेच आहे रे," ताई शांतपणे म्हणायची. "बस तोवर. बुटाला काय पाय फुटलेत?"

ती शोधायला लागायची. बूट मिळेपर्यंत एक चहा व्हायचा, कधी दुसरा, एकदा तर जेवणही. शेवटच्या खेपेला मात्र त्याची गाडी चुकणार होती. कुत्रा हवा की भाऊ, ते एकदा ठरव, असं तो ओरडला आणि उजव्या पायात स्वतःचा बूट, डाव्यात ताईची चप्पल घालून निघून गेला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनी बाहेर आल्यावर आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग आभार मानले. ताईने बूट पार्सलने पाठवला, पॉलिश करून. पोचल्याचं त्याने कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू, असं चाललं होतं.

तो पलंगाखालून बाहेर आला आणि फरशीवरच बसला. हे पाहून मुकादम उठला. शिलाई मशीनपाशी गेला, खणासमोर ताठ बसला आणि एक पंजा खणावर ठेवून त्याच्याकडे बघू लागला.

"काम झाल्यावर मजूर पैशांसाठी उभा राहतो ना, तसा बसलाय हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तो गुडघ्यांवर सरकत गेला. ताईचं शोधणं नेहमी याच खणापासून सुरू व्हायचं. "इथे आहे का बघते हं," म्हणत ती खण उघडायची, कुत्रा तिच्या पायाशी घुटमळायचा आणि तो खुर्चीवरून घड्याळ बघत असायचा. वीतभर लांब, चार बोटं उंच खण. लिफ्टच्या दारात नखाएवढी फट राहिली तरी त्याला झोप लागत नसे. या खणात त्याचा बूट मावणार नाही, हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने खण ओढला. दोऱ्याची रिळं, खडू, बोटात घालायची टोपी, आणि मागे एक पत्र्याचा डबा. डब्यात तळाशी जुना चुरा होता आणि त्याच्यावर बिस्किटांचा एक नवा पुडा. न फोडलेला. दुकानाची चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली होती. तारीख ताईने बूट पार्सलने पाठवला त्यानंतरची होती.

पुडा फोडायला त्याला जरा वेळ लागला. मुकादमाने बिस्कीट घेतलं, सावकाश खाल्लं आणि काम संपल्यासारखा मशीनखाली जाऊन पसरला. तिथे पडद्याच्या उरलेल्या कापडाचा ढीग होता. ढिगातून बुटाची नाडी बाहेर आली होती.

"सापडला का?" खुर्चीतून आवाज आला.

त्याने कापडाचं एक टोक ओढून नाडीवर घातलं.

"नाही अजून," तो म्हणाला. उजव्या पायातला बूट त्याने काढून ठेवला. "वेळ लागेल. बसा तुम्ही, चहा टाकतो."

मग चहाचं सामान आपण कुठल्या खोक्यात भरलं, ते तो शोधू लागला.