नऊ दिवस चुलीवर

"आत ये आणि दार लोटून घे. नाहीतर तुझ्याआधी थंडीच पाहुणी होईल," अंधारातून लाकेममावशीचा आवाज आला.

केपा वाकून आत शिरला. एन्गा प्रांताच्या डोंगरांतील ती गवताने शाकारलेली ठेंगणी झोपडी. मध्यभागी चूल, चुलीवर आकडा आणि आकड्याला जाळीच्या पिशवीत लोंबणारी रताळी. त्या आकड्याकडे त्याची दृष्टी गेली आणि लगेच वळली.

"भावजी, आज वाट चुकलात वाटतं?" मावशीची सून पोकाले राख सारत म्हणाली. "की आमच्या डुकरांना काय आवडतं ते विचारायला आलात?"

"गप गं," मावशी म्हणाली. पण तीही हसली.

केपाला हसता आले नाही. त्या थट्टेचे मूळ अकरा वर्षे खोल गेले होते आणि ते त्याच्याच हाताने रुजले होते.

खालच्या संशोधन केंद्रात तो प्रयोगशाळेचा मदतनीस. रताळे किसावे, पाण्यात धुवावे, तळाशी बसलेला पिष्टाचा पांढरा साका वाळवून तोलावा. रसाचा थेंब यंत्राच्या काचेवर ठेवून साखर वाचावी, हे त्याचे सव्वीस वर्षांचे नित्यकर्म. अकरा वर्षांपूर्वी खोऱ्यातील बारा जुन्या वाणांतले पिष्ट आणि साखर यांची तुलना करायची होती. केंद्राला कोरडे, पिठूळ, पोटाला आधार देणारे वाण हवे होते. नियम एकच : ज्या दिवशी खणावे, त्याच दिवशी किसावे.

अकरा घरच्या बायकांनी मातीने माखलेली रताळी आणून दिली. बाराव्या घरी, म्हणजे मावशीकडे, तो गेला, तेव्हा तिच्या कोपेता वाणाची चार निवडक रताळी याच आकड्याला टांगलेली होती. मानाच्या पाहुण्यापुढे मातीतून नुकतेच काढलेले रताळे ठेवू नये, ते उबेत मुरवून गोड करावे, हा डोंगरचा शिष्टाचार.

"नऊ दिवस झाले बघ," ती अभिमानाने म्हणाली होती. "मोठ्या लोकांच्या दारी चाललीय माझी कोपेता. गोड होऊनच जाऊ दे."

दुसरी खणून दे, असे म्हणणे म्हणजे तिच्या आतिथ्याचा अव्हेर करणे. केपाला ते जमले नाही. त्याने रताळी नेली आणि वहीत लिहिले : आजच खणली.

बारा वाणांत कोपेताचा साका सर्वांत कमी भरला, साखर सर्वांत जास्त. रविवारी प्रार्थनेनंतर जमलेल्या बायकांपुढे त्यानेच निकाल वाचला : कोपेताला जागा अडवू देऊ नका. कोणीतरी म्हणाले, "म्हणजे डुकराचं खाणं!" सगळ्या हसल्या. आपल्या बहिणीचा मुलगा खोटे सांगणार नाही, या विश्वासाने मावशीने दुसऱ्याच दिवशी वेल उपटायला घेतली.

गेल्या आठवड्यात केंद्रातील नव्या संशोधक बाईंनी एकाच खणणीची रताळी त्याच्याकडून दोन वाट्यांत मोजून घेतली. एक वाटा ताजा, दुसरा नऊ दिवस उबेत ठेवून. "पाहा केपाकाका, पिष्ट मोडतं तेव्हाच गोडी येते," त्या म्हणाल्या. केपाला हे अज्ञात नव्हते. परंतु ते आकडे शेजारीशेजारी लिहिताना त्याचा हात थांबला, तो थांबलाच.

"मावशी," तो म्हणाला, "कोपेताची वेल आहे का गं कुठे? एखादी कांडी?"

"आता काय करायचीय ती?"

"पुन्हा मोजायचीय. तेव्हाची मोजणी चुकली होती."

पोकालेचा हात राखेतच राहिला. मावशीने मान वर केली.

"कुणाची चूक?"

"माझी. तुझी रताळी मी तिकडे केंद्रात उबेला ठेवली आणि विसरलो. नऊ दिवस पडून होती. मग ताजी म्हणून लिहून टाकलं. तुझ्या कोपेतात काही खोट नव्हती."

चुलीतले लाकूड तडकले. मावशीची नजर त्याच्या तोंडावरून चुलीवरच्या आकड्याकडे गेली.

"नऊच का रे?" तिने हळूच विचारले.

केपाने चुलीत एक लाकूड पुढे सरकवले.

"नाही राहिली कांडी, बाळा," ती म्हणाली. "लग्नात आईनं कांड्या बांधून माझ्या डोक्यावर ठेवल्या होत्या. तुझ्या आईलाही दिल्या होत्या. तिच्या त्या पुरात गेल्या. माझा शेवटचा वाफा हिच्या लग्नाच्या साली मोडला. खालच्या गावांतही विचारलं होतं मी मागे. नाही कुणाकडे."

"विचारलं होतंस?"

"चव आठवते कधीकधी." तिने राखेतून एक रताळे उकरले, झटकले आणि त्याच्या हातावर ठेवले. "खा. तुमच्या केंद्रानं दिलेलंच आहे. पोट भरतं."

ते कोरडे होते, पिठूळ होते, नियमाप्रमाणे उत्तम होते. केपाने ते सालीसकट संपवले. एक कणही त्याने खाली पडू दिला नाही.

निघताना पोकालेने मान खाली घालून त्याला वाट दिली. या वेळी थट्टा झाली नाही.

उतारावर कुंपणापाशी त्याने वळून पाहिले. मावशी बाहेर आली होती. चुलीवरची रताळ्यांची जाळीची पिशवी तिच्या हातात होती. ती तिने वळचणीखाली, उबेपासून दूर, गार वाऱ्याच्या तोंडाशी टांगली, गाठ बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिले आणि आत जाऊन दार लोटून घेतले.