तिसरं गाणं

किशोर देवरेंनी दुसरी उदबत्ती पेटवली, पहिलीच्या शेजारी खोचली आणि स्पीकरचा आवाज वाढवला. आतल्या खोलीत मीनाने, त्यांच्या बायकोने, बादली सरकवल्याचं त्यांनी ऐकलं होतं. सकाळचे सव्वासात झाले होते. यापुढचा अर्धा तास देवरे हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत, डोळे मिटून बसत. तिकडे मीना त्यांच्या वडिलांचं, आबांचं, आवरायची, इकडे स्पीकरवर चंद्रभागाबाई गायच्या. आबांना अर्धांगाचा झटका आला त्याला चौदा महिने झाले होते आणि तेवढ्या काळात हा नेम एकदाही मोडला नव्हता.

आरम नदीच्या काठावरचं गाणं संपलं. एरवी त्यानंतर झोक्याचं लागायचं. आज फोनला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने आपल्या मनाने दुसरंच लावलं. त्यात ढोलकी नव्हती, बासरी नव्हती. नुसता एक घोगरा, थकलेला आवाज होता.

"एक हात मानखाले, राजा, कूस बदली ले..."

देवरेंनी डोळे उघडले. आधी त्यांना वाटलं, शृंगाराचं असावं. या वयात बाईंना हे काय सुचलं! पण पुढच्या ओळीत बादली आली. त्याच्या पुढच्या ओळीत ओलं फडकं आलं. चौथ्या ओळीत जो शब्द आला तो या घरात कोणी उच्चारत नसे. ती वस्तू रोज होती, पण तिचं नाव घरात 'आबांचं' एवढंच होतं. आबांचं झालं का, असं देवरे दारातून विचारत, आणि हो म्हटलं की मगच चहाला येत.

"शी!" ते ओरडले आणि फोनवर झडपच घातली. घाईत हात लागून एक उदबत्ती खाली पडली.

"राहू द्या की," आतून मीना म्हणाली. "लागलंय तर."

"चुकून लागलं."

"चंद्रभागाबाईच ना त्या? आवाज बसला त्यांचा."

"त्या नाहीत. कोणीतरी दुसरी आहे," देवरे म्हणाले. खोटं बोलताना त्यांना वाईट वाटलं नाही. उलट आपण बाईंची अब्रू राखली असं वाटलं.

त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. देवरे मूळचे सटाण्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी सुरगाण्याच्या डोंगरात बदली झाली तेव्हा एक टेपरेकॉर्डर आणि चंद्रभागा अहिरेंच्या चार कॅसेटी एवढाच त्यांना सोबती होता. बाई त्यांच्याच भागातल्या, त्यांचीच बोली गाणाऱ्या. नाशकात स्थिर झाल्यावर देवरेंनी चंद्रभागा रसिक मंडळ काढलं. ओल्या मातीचं, माहेरच्या झोक्याचं, नदीचं गाणाऱ्या त्या आवाजात त्यांना कधी घामाचा वाससुद्धा आला नव्हता. आणि आता हे!

बाईंनी दिवाळीत तीन नवी गाणी काढली होती. पहिलं त्यांच्या कवळीवर होतं. ते लोकांनी म्हातारपणचा चावटपणा म्हणून खपवून घेतलं. दुसरं मालेगावच्या कुणा भाच्याने बसवलेलं, नुसता धडाधडा ठोका. त्यावर निदान लग्नांत पोरं नाचत होती. हे तिसरं. आणि जानेवारीत मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, त्या कार्यक्रमाला बाई यायच्या होत्या. त्यांचा निरोप कालच फोनवर आला होता. "देवरे भाऊ, या खेपेला नवीनच म्हणीन. जुनं तुम्हाला पाठ शे."

रविवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळ जमलं. बैठकीला एकच विषय होता.

"मी गाडीत लावलं," सातपूरला कंपनीत असलेला अमित म्हणाला. "मागे पोरं वडापाव खात बसलेली. चौथ्या ओळीला धाकटीने वडा खिडकीतून बाहेर टाकला. काका, मी तुम्हाला सांगतो, माझ्या जिभेवर अजून ते गाणं आहे. काही गोड खाल्लं तरी जात नाही."

"पण किती धीट आहे!" कॉलेजात शिकवणारी पल्लवी म्हणाली. "सहा वर्षं नवऱ्याचं केलं त्यांनी. गेल्या साली गेले ते. बाईच्या श्रमाबद्दल इतकं थेट कोण गातं? मी तर वर्गात ऐकवणार आहे."

कोपऱ्यात बसलेल्या ललिताबाईंनी चष्मा वर केला. त्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या.

"तू काढेल शे का गं कोणाचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेच."

पल्लवीने मान हलवली.

"मी काढेल शे. सासूचं चार वर्षं, नवऱ्याचं तीन. म्हणून सांगते, त्याचं गाणं नको. मी इथे येते ते विसरायला. बाई तिथेच परत नेऊन बसवते, वास शे तसा येतो." त्यांनी नाकाला पदर लावला आणि तो तिथेच ठेवला.

देवरेंना स्फुरण चढलं. स्वतः बाईंच्या वाटेने गेलेली बाईमाणूसच नाक धरते म्हटल्यावर आपल्या किळसेला पुरावाच मिळाला, असं त्यांना झालं. त्यांनी मंडळातल्या दीपककडे हात केला. दीपकने गाण्याखालच्या प्रतिक्रिया छापून आणल्या होत्या. उगाच कोणाशी वैर नको म्हणून नावं गाळली होती. बाईंना पत्र लिहायचं आणि सोबत त्या पाठवायच्या, म्हणजे त्यांनाही कळेल की मंडळ एकटं बोलत नाही.

देवरे उभे राहून वाचू लागले. त्यांचं वाचन चांगलं होतं.

"'इतक्या वर्षांची पुण्याई गटारात घातली.' 'बाई, आता देवाचं गा.' 'ऐकून जेवण गेलं नाही.' 'माझी आई आठवली. पुन्हा ऐकणार नाही.' 'एवढ्या मोठ्या कलावंताला हेच मिळालं का?'" मग ते थांबले आणि गालात हसले. "आणि हे ऐका. एक रत्न आहे यात. 'गाणं चांगलं आहे बाई. पण एका हाताने कूस बदलत नाही. दोन माणसं लागतात. एकटीने करायचं तर गुडघा टेकवावा लागतो, मग कमरेत भरतं. पाणी कोमट घ्यावं, गार लागलं की माणूस अंग चोरतो. बाकी सगळं बरोबर आहे.'"

खोलीत हशा पिकला.

"मीठ चवीपुरतं, हे राहिलं!" अमित म्हणाला.

देवरे इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गाणं काय, रसिकता काय, आणि ही कोण बाई तिला कोमट पाण्याचं पडलंय. असल्या गाण्याला असलेच श्रोते मिळायचे.

"ते परत वाच," ललिताबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या.

"कोणतं?"

"दोन माणसांचं."

देवरेंनी वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही, कारण विनोद दुसऱ्यांदा शिळा होतोच. ललिताबाईंनी नुसती मान डोलावली आणि पिशवी उचलून त्या बस गाठायला निघून गेल्या. पत्र लिहायचं ठरलं. अक्षर देवरेंचं चांगलं, तेव्हा तेच लिहिणार. कार्यक्रमात नवी गाणी, विशेषतः तिसरं, गाऊ नये. गाणारच असाल तर मंडळाला फेरविचार करावा लागेल.

सोमवारी सकाळी देवरे सातलाच टेबलाशी बसले. बाईंना असं पत्र लिहायचं म्हणजे सोपं नव्हतं. एक कागद फाडला, दुसरा घेतला. 'आपल्या सुरांनी आमची घरं पवित्र केली' इथवर छान जमलं. 'परंतु' लिहिलं आणि ते अडले. शब्द तोलामोलाचा हवा होता. किळसवाणं हा शब्द पत्रात बरा दिसत नव्हता, आणि दुसरा खरा नव्हता. ते पेन दातात धरून बसले. बसल्या बसल्या सव्वासात कधी झाले ते त्यांना कळलं नाही. स्पीकर लावायचा राहिला, उदबत्तीही राहिली.

घर शांत होतं. त्या शांततेत त्यांना आतल्या खोलीतलं सगळं ऐकू आलं. बादली ठेवल्याचा आवाज, पाणी पिळल्याचा आवाज. आबांचं कण्हणं. मग मीनाचा आवाज, गुणगुणता, श्वास पुरत नसल्यासारखा.

"एक हात मानखाले, राजा..."

तिथे ती थांबली. पलंग करकरला, काहीतरी दाबल्यासारखा. 'हं' असा एक जोराचा हुंकार आला. मग पुढच्या कडव्यातली ओळ, तुझा रुबाब गेला नि माझा हात तेवढा उरला अशी, अगदी सावकाश. "तुना रुबाब गया, मना हात ऱ्हायना."

देवरे उठले. चौदा महिन्यांत या वेळेला त्या दाराशी ते प्रथमच आले होते. दार अर्धं उघडं होतं. मीना एक गुडघा पलंगाच्या कडेवर टेकवून आबांच्या अंगावर वाकली होती. एक हात मानेखाली, दुसरा कमरेखाली. तिच्या गाऊनवर कमरेचा रुंद पट्टा आवळलेला होता. तो पट्टा गॅलरीत वाळत घातलेला त्यांनी कितीदा पाहिला होता. त्यांना वाटायचं, आबांचा आहे.

सटाण्याच्या बाजारात आबा आले की व्यापारी उठून उभे राहत. ते आबा अर्धे वळले होते आणि तिथेच अडकले होते. चादरीवर जे होतं ते होतं. वास येऊन देवरेंच्या तोंडावर बसला.

"उदबत्त्या कपाटात आहेत," मीना वळून न बघता म्हणाली. "वरच्या फळीवर. नवीन पुडा आणलाय."

देवरे तिथेच उभे राहिले.

"ते तू लिहिलंस?"

"काय?"

"एका हाताने होत नाही. दोन माणसं लागतात."

मीनाने गुडघा थोडा पुढे घेतला. "हो. आरोहीने दाखवलं होतं, तिथे लिहायचं कसं. का? चुकलं काही?"

आरोही त्यांची मुलगी, पुण्याला नोकरीला. म्हणजे आपल्या घरात हे गाणं ऐकलं जात होतं, त्यावर पुण्याशी बोलणं होत होतं, आणि आपण इथे खुर्चीत डोळे मिटून.

"मंडळात वाचलं काल," देवरे म्हणाले.

"कोणी?"

"मी."

"काय म्हणाले?"

काहीही सांगता आलं असतं. नाही तरी तिला मंडळात कोण विचारायला जाणार होतं?

"हसले."

पलंगाच्या कडेवरचं फडकं घसरून बादलीत पडलं.

"तुम्ही?"

"मीही."

"हसा बापडे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नुसती दमणूक, ते देवरेंना ओळखता आलं नाही. "पण बाईंना ते कळवा. त्यांनी ती ओळ बदलायला पाहिजे. ऐकून कोणी खरंच एका हाताने करायला जाईल आणि माणसाला पाडेल खाली."

आबांचा खांदा तिच्या हातातून निसटायला लागला होता. तिने दात आवळले आणि पुन्हा गुडघा दाबला. आबांचा चांगला डोळा दाराकडे लागला होता. तो मुलाला बघत होता.

देवरेंनी उंबरा ओलांडला.

"कुठून धरू?"

मीनाने आता वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खांद्याखाली. मी कंबर धरते. तीन म्हटलं की."

तीन म्हटल्यावर आबा वळले. इतके सहज वळले की देवरेंचा हात हवेतच राहिल्यासारखा झाला. आणि मग आबांची पाठ त्यांच्यासमोर आली, आणि चादर, आणि वास सगळा अंगावर आला. त्यांना जोराची ओकारी आली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. फिरवताना दिसलं, आबांनी तो डोळा मिटून घेतला होता, घट्ट.

देवरेंनी खांदा सोडला नाही. दुसरी ओकारी आली, तीही त्यांनी तशीच, भिंतीकडे बघत जिरवली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मीनाने कोमट पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि कामाला लागली.

"तोंडाने श्वास घ्या," ती म्हणाली. "पहिले आठ दिवस होतं तसं."