बायको असलेल्यांची यादी

स्पेनमध्ये सेविलला फुटबॉलच्या युरोपियन कपाची फायनल बघायला बसच्या कारखान्यातून दोनच माणसं जाणार होती, आणि पहिली अट काय, तर बायको पाहिजे! सरकारचा हिशोब सरळ होता. बायको इथे बुखारेस्टात राहिली की नवरा झक मारत परत येतो. सडाफटिंग माणूस सीमेपार गेला की गेलाच. म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडणारी तरणी पोरं यादीतून उडाली आणि बेचाळीस वर्षांचा पांडेले आत आला.

"बघ, शेवटी तुझा उपयोग झाला," तो झाम्फिराला म्हणाला.

"मेल्या, मला गहाण ठेवून चाललायस!"

दोघं हसली. तेही हळूच, कारण भिंती पातळ होत्या आणि शेजाऱ्यांचे कान तिखट.

ईस्टर होऊन तीनच दिवस झाले होते. गेंचा वस्तीतल्या त्यांच्या इमारतीच्या जिन्यात भेटेल तो अजून "ख्रिस्त उठला!" म्हणत होता आणि "खरंच उठला!" असं उत्तर मिळत होतं. आता ईस्टरला लाल अंडी आपटायची ती कुणाशी, याला आमच्याकडे फार महत्त्व. ज्याच्याशी अंडं आपटलं तो परलोकात हमखास भेटतो म्हणतात. पांडेले अकरा वर्षं बायकोला चकवत आला होता. सासूशी आपटायचा, शेजाऱ्याशी आपटायचा, झाम्फिरा अंडं घेऊन आली की हात मागे! "या लोकात भरपूर झालीस बाई, तिकडे तरी मोकळा सोड," असं म्हणायचा. ती चिडायची, चिमटा काढायची. हा त्यांचा दरवर्षीचा तमाशा होता.

बुधवारी पहाटे निघताना त्यानं स्वतःहून टोपलीतलं अंडं उचललं. दुसरं तिच्या हातात दिलं.

"ख्रिस्त उठला," तो म्हणाला, आणि आपटलं.

"खरंच उठला," ती म्हणाली.  हा माणूस या लोकातली भेट संपवून चालला होता, हे तिला तिथेच कळलं. ओरडली असती, जिन्यात बसून भोकाड पसरलं असतं, तर गेला नसता तो. पण तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि दार उघडलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

रात्री सगळा मजला शेजारच्या ओलिम्पिया मावशीच्या टीव्हीसमोर कोंबला गेला. पांढऱ्या पोशाखात आपली स्तेआवा, समोर बार्सिलोना, आणि मैदान त्यांच्याच लोकांनी गच्च भरलेलं. मावशी दर दोन मिनिटांनी छातीवर क्रॉसची खूण करत होती. झाम्फिराचं मागणं वेगळंच होतं. देवा, जिंकू दे. जिंकले तर कप घेऊन परतणाऱ्या विमानांत हा वेडा बसल्याशिवाय राहणार नाही. लहानपणापासून याच एका दिवसाची वाट बघत होता, मिरवणूक सोडून जाईल कुठे!

नव्वद मिनिटं गेली, वरची तीस गेली, गोल नाहीच. मग पेनल्टी. आपले पहिले दोन वाया गेले तेव्हा मावशीनं टीव्हीला अशा शिव्या घातल्या की पाद्र्यानं कान झाकले असते. पण आपल्या गोलकीपरनं त्यांचे चारच्या चार अडवले आणि आपले पुढचे दोन जाळ्यात गेले. कप आपला झाला! माणसं जिन्यात धावली, कुणी पातेली बडवली. झाम्फिरा ढसाढसा रडली, आणि सगळे म्हणाले, पोरीला आनंद सोसला नाही.

गुरुवारी दुपारी कारखान्यातला दुसरा माणूस, तुदोरेल, दारात आला. एकटाच.

"वहिनी, पेनल्टीच्या आधी उठला तो. म्हणाला, मला बघवत नाही, पाणी पिऊन येतो. मी म्हटलं, गाढवा, आत्ता? तर माझ्या खांद्यावर हात ठेवला नि गेला."

"म्हणजे त्यानं बघितलंच नाही?"

"नाही."

 एवढा वेळ ती स्वतःसाठी रडत होती, आता त्याच्यासाठी रडली.

सोमवारी गुप्त पोलिसांचं बोलावणं आलं. टेबलामागच्या साहेबानं तीच ती गोष्ट चारदा विचारली. तुम्हाला माहीत होतं? नाही. जाताना काय म्हणाला? ख्रिस्त उठला. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं एक कागद पुढे सरकवला.

"फोन करेल तो. सगळेच करतात. तेव्हा हे बोलायचं, कॉम्रेड बाई. परत ये, देश माफ करेल."

"नाही बोलणार."

"मग काय बोलाल?"

"पहिली पेनल्टी उजवीकडे अडवली," झाम्फिरा म्हणाली. "दुसरी उजवीकडे. तिसरीही उजवीकडेच. हे सांगीन. आपल्या माणसाकडून कळू दे त्याला. इतकी वर्षं थांबला हो तो, आणि नेमकं तेवढंच बघायचं राहिलं त्याचं."

साहेबाचं पेन थांबलं. "आणि चौथी?"

"चौथी मला दिसली नाही." ती म्हणाली. "पडद्यावर मागे लोक दिसत होते ना, त्यांत मी त्याला शोधत होते."

साहेबानं दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"डावीकडे," तो हळू म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. डावीकडे."

तिनं मान हलवली, तोंड दोन्ही हातांनी पुसलं आणि उठली. विसरायला नको म्हणून ट्रामच्या थांब्यापर्यंत ती घोकत गेली: उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, डावीकडे.