ट्रॅनमर साहेबांचा आवाज

'लेडी ऑरेलिया' या प्रवासी बोटीवर पहिल्या वर्गाच्या जेवणघरात ट्रॅनमर साहेबांचा शब्द कप्तानापेक्षा वजनदार होता. ते मुख्य वेटर, मी त्यांच्या हाताखाली. साउथहॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाताना एखादा लखपती टाय न लावता आला, तर साहेब त्याला इतक्या नम्रपणे दारातून परत पाठवत की तोच माफी मागून जाई.

मग युद्ध आलं. बोटीला करडा रंग फासला, गालिचे गेले, नाचघरात झोळ्या टांगल्या आणि आमच्या जेवणघरात सैनिकांच्या पंगतींवर पंगती उठू लागल्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी इस्त्रीचा काळा कोट चढवला आणि ग्लासगोच्या मॅकिलरॉय नावाच्या दांडगट शिपायापुढे अदबीनं वाकले.

"आधी सूप घेणार, सर, की मासा?"

"दोन्ही एकाच थाळीत ओत रे बाबा! आणि सर म्हणू नकोस. सार्जंटनं ऐकलं तर मलाच संडास धुवायला लावेल!"

रांग खोळंबली. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी साहेबांच्या कोटावर वाटाणे उडवले. साहेब भांडारघरात येऊन बसले. मला वाटलं, आता राजीनामा देणार.

पण पुढे एका वादळात तो मॅकिलरॉय उलट्यांनी अर्धमेला झाला, तेव्हा साहेब त्याच्याजवळ बसून चमच्यानं पाणी पाजत होते. "घरी सांगू नका हां," तो कण्हला, "आई म्हणेल, बोटीवरच हरला."

साहेब खळखळून हसले. पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी कोट काढून त्यांनी हातात वाढायचा डाव घेतला. रांग पुढे हाकायला ओरडून ओरडून वर्षभरात त्यांचा आवाज इंजिनघरापर्यंत ऐकू जाऊ लागला.

युद्ध संपलं, गालिचे परतले. पहिल्याच सफरीत लेडी क्रॉफ्टन निवांतपणे पदार्थांची यादी वाचत बसल्या होत्या.

"ए बाई, लवकर बोल!" साहेब गरजले. "मागे अख्खी पलटण उपाशी उभी आहे!"

मागे फक्त कुंडीतलं ताडाचं झाड होतं.

काटे-चमचे जागच्या जागी थांबले. साहेबांचा चेहरा शेंदरासारखा लाल. लेडी क्रॉफ्टन मात्र ताठ बसल्या. युद्धात त्यांनी रुग्णवाहिका चालवली होती. "बटाटे, सार्जंट! आणि भरपूर वाढा!"

सगळं जेवणघर हसलं. साहेबांनी मात्र त्याच संध्याकाळी कप्तानाकडे जाऊन तिसऱ्या वर्गात बदली मागितली. तिथले लोक पोटभर जेवतात, मोठ्यानं बोलतात. निवृत्त होईपर्यंत साहेब तिथून हलले नाहीत.