विहिरीला पाजलेलं पाणी

"घरात घोटभर प्यायला न्हाई, अन् हिरीला पाजून राहिलो," गुरम्मा पुटपुटली आणि कडेवरची घागर विहिरीत पालथी केली.

महानंदानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळपासून गल्लीतल्या सात बायका टँकरचं पाणी विहिरीत ओतत होत्या, आणि हात जोडून त्यांना आणलं होतं तिनंच. तिचा नवरा मलप्पा पंप बघायला येणाऱ्या जिल्ह्याच्या साहेबाला आणायला उदगीरच्या स्टँडवर गेला होता. सायकलदुरुस्तीच्या दुकानात बसून त्यानं चौदा वर्षं खपून विहिरीवरचा हा पायडलचा पंप घडवला होता. बहात्तरच्या दुष्काळात सुरुवात केली तेव्हा दोन परसांवर, दोन माणसं उभी राहतील एवढ्या खोलीवर, पाणी होतं. आता सहा परसांची विहीर खडखडीत. महिनाभरात मलप्पानं आत वाकून पाहिलं नव्हतं, आणि त्याला सांगायला कुणाची जीभ रेटली नव्हती.

"अक्का, बास आता. पाठ गेली."

"तेवढी एक घागर, गुरम्मा. त्यांचं एकदा होऊन जाऊ दे."

साहेब आले, खुर्चीवर टेकले. मलप्पा पंपावर बसला. ना खडखड, ना धक्का. लेकराला पाळण्यात झोका द्यावा तसे पाय फिरले आणि पन्हाळीतून पाणी आलं. महानंदाला वाटलं, लग्नातसुद्धा हा माणूस इतका देखणा दिसला नव्हता.

"वा! विजेचं कामच नाही," साहेब म्हणाले. "आपला लातूर जिल्हा नवा, काहीतरी नवं दाखवायलाच हवं. शिरूर अनंतपाळकडं पंचवीस गावांत बसवू. विहिरीला बारमाही पाणी आहे ना, मालक?"

बायका पदर सावरू लागल्या. गुरम्माला एकाएकी खोकला आला.

"हाय की, साहेब," महानंदाच मधे बोलली.

मलप्पानं पन्हाळीखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला. टँकरच्या औषधाचा वास त्या पाण्याला होताच. त्यानं बायकोच्या ओल्या लुगड्याकडं पाहिलं, ओळीनं मांडलेल्या रिकाम्या घागरींकडं पाहिलं. पाय थांबले.

"साहेब, हे टँकरचं पाणी हाय," तो म्हणाला. "ह्या बायांनी आपल्या तोंडचं आणून ओतलंय. हीर आटलीय. पंप लई चांगला झालाय, पर उपसायला पाणीच न्हाई राहिलं आता."