माहेरचा पाळणा

ओयदिन पाळण्याच्या दांडीवर ओणवी झाली आणि तिनं तान्ह्याला प्यायला घेतलं. बाळाला उचलायचं नव्हतंच. त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, पाठ गादीला टेकलेली. वाकायचं ते आईनं, ही कोकंदकडची रीत. छोट्या असिलनं चार घोट चुटुचुटु ओढले आणि तोंड फिरवून असा टाहो फोडला की अंगणात वेलाखाली चहा पीत बसलेले सासरे उठून बाहेर निघून गेले. बांधलेले गुडघे पोटाशी घ्यायला पोर धडपडत होतं. पोट फुगून नुसता नगारा झाला होता.

हे रोजचंच होऊन बसलं होतं. ओयदिननं मुळा सोडला, खरबूज सोडलं, हरभऱ्याचा दाणा तोंडात टाकला नाही. सासूबाईंनी, म्हणजे सलतनतबाईंनी, बाळंतशेपाचा काढा करून तिला पाजला. शेवटी काल तंदूरपाशी रोट्या काढता काढता त्या बोलून गेल्या, की दूधच वातूळ दिसतंय. शेजारची हासियत अंगावर पाजतेय, उद्या दुपारी तिलाच बोलावू.  तेव्हापासून ओयदिनला एकच घोर लागला होता. पोर एकदा दुसरीच्या अंगावर प्यायलं की आपल्याकडे कशाला वळतंय?

आणि आता दुपार झालीच होती. सलतनतबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रडून रडून पोराचा आवाज बसला होता.

"सोडून बघू का गं त्याला?"

"नको, आई. पाळणा माझ्या माहेरचा आहे."

एवढ्यात सगळं आलं. ओयदिनची आई मलोहत विधवा. रेशमाचे किडे पाळून तिनं तो रंगीत पाळणा घेतला होता आणि वाजतगाजत आणला होता. गल्लीतल्या बाया पाळण्याचा पडदा चाचपून बघून गेल्या होत्या. नातू त्यात झोपत नाही म्हटल्यावर लोक सासरच्यांनाच नावं ठेवणार, की विहिणीच्या पाळण्याला नाक मुरडलं. म्हणून तर सलतनतबाई पाळण्याबद्दल इतके दिवस गप्प होत्या. दुधाला बोल लावणं त्यांना सोपं गेलं.

असिलनं पुन्हा कळ लागल्यासारखा चेहरा केला. सलतनतबाई पुढे झाल्या आणि त्यांनी भराभर गाठी सोडल्या. त्याला उभा धरून खांद्यावर टाकला, पाठीवर खालून वर हात फिरवत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग एखाद्या म्हाताऱ्याला शोभेल असा ढेकर आला आणि पोर त्यांच्या मानेशी कलंडलं.

"घे. मांडीवर बसून पाज आता, डोकं वर धरून," त्या म्हणाल्या. त्यांना ओयदिनकडे बघवेना. "हासियतला मी सांगून येते, यायचं काम नाही म्हणून. दूध चांगलं आहे तुझं."

ओयदिन रडत रडत पाजत राहिली.

त्या आठवड्यात मलोहत आली. बाहेर तिचा आवाज ऐकला आणि ओयदिन पोराला खांद्यावर घेऊन आतल्या खोलीत पळाली. सलतनतबाईंनी रिकाम्या पाळण्यावर पडदा ओढला आणि पुढ्यात बसकण मारली.

"आत्ताच डोळा लागलाय हो. बाहेर यायलाच मागत नाही त्यातून."

मलोहतनं मान डोलावली, चहाचा घोट घेतला. तेवढ्यात आतल्या खोलीतून खणखणीत ढेकर ऐकू आला.

सलतनतबाईंनी पडदा उगाच सारखा केला. मलोहतनं चहाची वाटी हळूच खाली ठेवली.

"माझी पाचही पोरं खांद्यावरच वाढली," ती म्हणाली. "पाळण्यात एक टिकलं असेल तर शपथ."

"मग हा कशाला आणलात एवढा?"

"आणला नसता तर तुम्ही काय म्हणाला असता, विहीणबाई?"

 सलतनतबाईंनी आत हाक मारली, "ओयदिन, बाहेर आण त्याला. आजीच्या खांद्यावर दे."