बारा वाजताच्या खेळातला अंधार

मित्रांनो, मी बालाघाटच्या एका टॉकीजचा पडदा आहे. जुना आहे, म्हणून गोड आठवणी सांगत बसेन असे समजू नका. मला राग आला आहे, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या तापवून एकमेकींना जोडल्या आणि माझ्या अंगभर सुईच्या टोकाएवढी लाखो भोके पाडली. आवाजाचे कर्णे माझ्या पाठीमागे असतात, म्हणून ती भोके लागतात. शेवटी चंदेरी रंगाचा हात दिला. चष्मा लावून बघायचे चित्रपट अशाच रंगावर नीट दिसतात. मग गुंडाळून मला लाकडी पेटीत घातले आणि ट्रकने गोंदियावरून इथे आणले. लोखंडी चौकटीवर ताणून बसवले तेव्हा सगळे अंग तडतडले होते.

चित्रपट मला कधीच दिसत नाही. तो माझ्या अंगावर असतो. मला दिसता तुम्ही. पहिली काही वर्षे फार चांगली गेली. वारासिवनीहून, कटंगीहून मोटारसायकलवर तिघे तिघे बसून लोक येत. मुले चष्मे लावून हवेतले मासे धरायला हात पुढे करत. "काय चकाचक पडदा हाय!" असे कोणी म्हणाले की मला बरे वाटे. तेव्हाचे मालक दर सोमवारी स्वतः उभे राहून मऊ कुंच्याने माझी धूळ काढून घेत.

ते गेले. त्यांचा मुलगा जबलपूरला राहतो. त्याने दुलीचंद नावाचा व्यवस्थापक नेमला आणि इकडे बघणे सोडून दिले. दुलीचंदने मला एकदा ओल्या फडक्याने पुसायला लावले. डाव्या बाजूचा चंदेरी रंग निघून तिथे ढगासारखा डाग पडला. मग त्याने प्रक्षेपकाचा दिवा मंद करायला सांगितले, म्हणजे तो जास्त दिवस टिकेल. चष्म्याच्या चित्रपटासाठी त्या यंत्रापुढे एक काच बसवतात. ती निम्म्याहून जास्त उजेड खाते. साधा चित्रपट असला की ती बाजूला सरकवायची असते. पण काढताघालताना फुटेल म्हणून दुलीचंदने तिला हात लावायचीच मनाई केली. पाच महिने ती तिथेच होती. बाहेर पडताना लोक म्हणत, "पडदा म्हातारा झाला." मी म्हातारा झालो! मला तोंड असते तर तिथल्या तिथे उत्तर दिले असते.

आता त्या रविवारचे सांगतो.

अवकाशातला एक मोठा चित्रपट लागला होता, चष्म्याशिवाय बघायचा. दूरच्या एका चंद्रावर बर्फाखाली राहणाऱ्या माणसांची गोष्ट. बारा वाजताच्या खेळाला भरवेलीच्या खाणीच्या वसाहतीतून तीस-पस्तीस माणसे एकदम आली. त्यांच्या मधोमध डोमाजी होते. एकतीस वर्षे मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली उतरलेले, आता निवृत्त. स्वच्छ पांढरा सदरा, नुकतीच केलेली दाढी. शेजारी त्यांच्या पत्नी जिजाबाई. आणि दोघांच्या मध्ये त्यांची मुलगी संघमित्रा.

संघमित्रा हैदराबादला एका कंपनीत काम करते. जे कॅमेऱ्याने टिपता येत नाही ते संगणकावर तयार करायचे, असे तिचे काम. या चित्रपटासाठी शेकडो माणसे राबली, त्यांतली ती एक. तीन दिवसांची रजा काढून ती आली होती, ती केवळ यासाठी.

"आई, बोगद्याचा सीन आला का सांगीन तुले," ती जिजाबाईंना म्हणाली. "दोन मिनिटांचा हाय फक्त. चवदा महिने लागले मले."

"दोन मिनिटाले चवदा महिने?" जिजाबाई म्हणाल्या.

"हौ. अन् शेवटी नाव येते माह्यं. उठू नका कोणी."

मागच्या रांगेतल्या गीताबाई पुढे वाकून म्हणाल्या, "आमी काहून उठतो वं? तुह्यं नाव पाह्याले तर आलो."

खेळ सुरू झाला. माझ्यावर जो उजेड पडला त्याला उजेड म्हणायची मला लाज वाटते. राखेसारखा होता. अर्ध्या तासाने संघमित्राने आईचा हात धरला. "आला. हा पाहा."

मी जिजाबाईंचे डोळे पाहत होतो. त्यांनी ते बारीक केले, मग मोठे केले. पदराने पुसले. कुठे काय आहे ते त्यांना कळत नव्हते. दोन मिनिटे संपली. लेकीला वाईट वाटू नये म्हणून त्या म्हणाल्या, "चांगलं हाय, पोरी. लय चांगलं हाय."

संघमित्राने हात काढून घेतला. "आई, तुले काही दिसलं?"

जिजाबाई हळूच म्हणाल्या, "माह्ये डोये आता पह्यलेसारखे नाही ना."

मित्रांनो, त्यांच्या डोळ्यांना काही झालेले नव्हते. दोष काचेचा होता. त्या बाईने तो आपल्या डोळ्यांवर घेतला. माझा राग तिथून सुरू होतो.

मध्यंतराचे दिवे लागले. संघमित्रा सरळ दाराकडे गेली. दुलीचंद दारातच समोसेवाल्याशी बोलत उभा होता.

"प्रोजेक्टर के सामने का थ्री-डी वाला काँच निकला नहीं है," ती म्हणाली. "और लैंप भी कम रखा है आपने. कुछ नहीं दिख रहा."

दुलीचंद हसला. "मैडम, पिक्चर ही अँधेरे की है. अंतरिक्ष में क्या ट्यूबलाइट लगी रहती है?"

जवळचे लोक हसले. जोरात हसले. अर्धा चित्रपट अंधारात काढलेली माणसे, अंधार करणाऱ्याच्या बाजूने हसली.

"ये पिक्चर मैंने भी बनाई है. मुझे मालूम है उसमें कितना उजाला है."

"अच्छा? आपने?" त्याने तिच्या चपलांपासून वरपर्यंत पाहिले. "भरवेली में बनी है क्या?"

पुन्हा हशा. संघमित्राचा चेहरा लाल झाला. तिला बोलायचे होते, पण हशा थांबेना.

तेवढ्यात डोमाजी उठले. घाई न करता आले आणि लेकीच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"एकतीस बरस खदानीत उतरलो मी. खाली जायच्या आधी टोपीवरचा दिवा दाखवा लागे. दिवा मंद असला तर माणसाले खाली सोडत नव्हते, वापस पाठवत. अन् तुमी इतक्या लोकाईले बसवून, दार लावून, मंद दिव्यात ठेवून राह्यले. वरून हासता. माह्या पोरीले हासता."

"चाचा, हिंदी में बोलो."

"समजलं तुमाले," डोमाजी म्हणाले. "काच काढा."

आता भरवेलीची माणसे एकेक करून उठली. गीताबाई ओरडल्या, "काच निकालो!" मग मघाशी हसलेल्यांतलेही काही ओरडू लागले. दुलीचंदने पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली. तेवढ्यात मागच्या जिन्यावरून महागू खाली आला. यंत्र चालवणारा महागू, मला चौकटीवर ताणणाऱ्यांपैकी एक. त्याने मान खाली घातली होती.

"काढतो मी काच," तो म्हणाला.

"महागू, ऊपर जाओ चुपचाप."

"वरतंच जाऊन राह्यलो. काच काढाले." मग तो संघमित्राकडे वळला. "पोरी, पाच महिने झाले. मले रोज दिसत होतं. मी बोललो नाही. चुकलं माह्यं."

"काका, बोगद्यापासून लावून द्याल?" तिने विचारले.

महागूने मान हलवली आणि तो जिना चढून गेला.

आणि मग उजेड आला! दिवा पूर्ण, काच दूर. पाच महिन्यांनी माझे सगळे अंग तापले. माझ्यावरचा ढगासारखा डागही लख्ख दिसला असेल, पण त्याची मला पर्वा नव्हती. मी डोमाजींकडे पाहत होतो. बर्फाच्या बोगद्यातून शंभर माणसे टोपीवरचे दिवे लावून चालत येतात, असे ते दृश्य, हे मला बघणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. त्या दिव्यांचा उजेड खुर्च्यांतल्या चेहऱ्यांवर पुढेमागे होत होता. डोमाजी खुर्चीच्या कडेला आले.

"हा उजेड..." ते म्हणाले. "भिंत ओली असली का असाच पडते. पाण्यावर असाच फुटते. तुले कसं माहीत? तू तर कधी खाली आली नाही."

"तुमी सांगत होते ना, बाबा. जेवताना."

डोमाजी पुन्हा बोगद्याकडे बघू लागले. जिजाबाई रडत होत्या आणि मोठ्याने सांगत होत्या, "दिसून राह्यलं! मले सगळं दिसून राह्यलं!"

गोष्ट इथे संपली असती तर मी रागात नसतो.

बोगदा पुन्हा दाखवला म्हणून खेळ लांबला होता. शेवटचे दृश्य संपले, काळ्यावर पांढरी नावे वर सरकू लागली, आणि हॉलचे दिवे लागले. यंत्र बंद झाले. दुलीचंद स्वतः वर जाऊन उभा होता. तीनच्या खेळाचे लोक दाराशी आले होते. वरच्या खिडकीतून महागूचा आवाज ऐकू आला, "साहेब, चार मिनिटं फक्त, तिचं नाव हाय त्याच्यात," आणि मग दार आपटल्याचा आवाज.

भरवेलीचे लोक पुन्हा बसले. दहा मिनिटे बसून राहिले. झाडूवाल्यांनी त्यांच्या पायांखालून झाडू फिरवला. तीनची माणसे आपल्या खुर्च्या मागू लागली, त्यांच्याबरोबर लहान मुले होती. शेवटी संघमित्राच म्हणाली, "चाला, बाबा. जाऊ द्या."

सगळे निघाले. डोमाजी मात्र संघमित्राला घेऊन मागे वळले आणि माझ्यापाशी आले.

"कुठं आलं असतं?" त्यांनी विचारले.

संघमित्राने बोट दाखवले. "इथं. खालून असं वर जाते. बारीक अक्षरं असतात, दोन-तीन सेकंद दिसते."

डोमाजी त्या जागेकडे बघत उभे राहिले. माझ्यावर काहीही नव्हते. एकतीस वर्षे अंधारात काम केलेला तो माणूस माझ्या रिकाम्या अंगावर आपल्या लेकीचे नाव वाचत होता, आणि माझ्याजवळ त्याला द्यायला एक अक्षरही नव्हते. मग त्यांनी संघमित्राच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी महागू आला नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस आला. काच पुन्हा बसली, दिवा पुन्हा मंद झाला. तो चित्रपट आणखी नऊ दिवस चालला. रोज चार खेळ. शेकडो लोक आले, डोळे ताणून बसले, समोसे खाऊन गेले. एकही उठला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या. मला तेवढेच मागायचे नाही. माझी धूळ काढली तर उत्तमच. पण त्याआधी, चित्र अंधारे दिसले तर आपल्या डोळ्यांना दोष देऊ नका. उठा. दारापर्यंत जा आणि विचारा. कोणी हसले तर हसू द्या, पण तुम्ही त्यांच्यात हसू नका. आणि नावे वर सरकू लागली की बसून राहा. त्यांतले एखादे नाव वाचायला कोणाचे तरी आईबाप दाढी करून, धुतलेले कपडे घालून आलेले असतात.